विष दुकानात, उपाय जंगलात

गिधाडं आपोआप संपली नाहीत. ती मारली गेली. ज्या वस्तूनं ती मेली तिच्यावर छापील किंमत होती, बॅच नंबर होता आणि सरकारी परवान्याचा क्रमांक होता. ती तालुक्याच्या बाजारपेठेत दिवसाढवळ्या विकली गेली, तिची बिलं फाटली, त्यावर कर भरला गेला. तरीही गेली पंचवीस-तीस वर्षं या विषयावर आपण ‘निसर्गाचा समतोल ढासळला’, ‘माणसाची हाव वाढली’ असलं मोघम बोलत आलो आहोत. मोघम बोललं की कुणाचं नाव घ्यावं लागत नाही, कुठल्या खात्याला जाब विचारावा लागत नाही. मला इथं मोघम बोलायचं नाही.

आधी घडलं काय ते नीट सांगतो, कारण पर्यावरणदिनाच्या भाषणांत ते कधीच नीट सांगितलं जात नाही. राजस्थानातल्या भरतपूरला केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानात डॉ. विभू प्रकाश गिधाडांचा अभ्यास करत होते. ऐंशीच्या दशकात तिथं घरट्यांची रेलचेल होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते पुन्हा मोजायला लागले, तेव्हा झाडांखाली मेलेली गिधाडं सापडू लागली. जी जिवंत होती ती मान छातीवर टाकून तासन्‌तास फांदीवर बसून राहत. १९९९ साली त्यांनी ही घसरण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून जगापुढं मांडली. काही वर्षं सगळे एखाद्या विषाणूच्या शोधात होते. उत्तर सापडलं पाकिस्तानच्या पंजाबात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं तपासली, आणि २००४च्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये कारण छापून आलं: डायक्लोफिनॅक. आपण पाठ दुखली की घेतो तेच. जनावराला ते टोचलं आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावलं, की औषध मांसात उरतं. ते मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, रक्तातलं युरिक आम्ल बाहेर पडत नाही, हृदयावर आणि यकृतावर त्याचे पांढरे थर जमतात आणि दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो.

१९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली. म्हणजे हजारात एक उरलं. लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची मिळून जवळजवळ ९७ टक्के गेली. जगात पक्ष्यांची एवढ्या वेगानं झालेली घट फार क्वचित नोंदली गेली आहे. आणि ही काही दुर्मीळ जात नव्हती. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात आकाशातून उतरणारा, कोट्यवधींच्या संख्येनं असलेला हा पक्षी होता. माझ्या पिढीतल्या कुठल्याही खेडेगावच्या माणसाला विचारा, त्यानं हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याच्या नातवानं पाहिलेलं नाही.

आता एक आकडा देतो. हा आकडा ज्याला समजला त्याला पुढचं सगळं समजेल. शास्त्रज्ञांनी गणित मांडलं की एवढा मोठा विनाश व्हायला किती मेलेल्या जनावरांत हे औषध असावं लागेल. उत्तर आलं, दर ७६० मढ्यांमागं एक ते दर १३० मढ्यांमागं एक. बस्स. एका मढ्यावर शंभरावर गिधाडं उतरतात, आणि ती वर्षातून एकच अंडं घालतात, पाच वर्षांची झाल्याशिवाय वीत नाहीत. त्यांचं जगणंच दीर्घायुष्यावर बेतलेलं. म्हणून शंभरात एखाद्या जनावरात विष असलं तरी जात संपते. आणि प्रत्यक्षात किती सापडलं? देशभरातून गोळा केलेल्या मढ्यांच्या नमुन्यांत सुमारे १० टक्क्यांत डायक्लोफिनॅक निघालं.

त्यामुळं ‘वापर बराच कमी झाला आहे’ असं कुणी अधिकारी सांगतो तेव्हा मला संताप येतो. बराच कमी झालेला वापरही गिधाडांना संपवायला पुरून उरतो. इथं नव्वद टक्के यश म्हणजे पूर्ण अपयश आहे, आणि हे गणित त्यांच्या टेबलावर २००४पासून पडून आहे.

मी गोठा असलेल्या घरात वाढलो. त्यामुळं शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा शहरी सूर मला सहन होत नाही. गाईला तिवा झाला, ती बसली की उठेना, अंग तापलेलं, चारा सोडलेला, दूध आटलेलं. म्हशीला कासदाह झाला, सड दगडासारखा कडक, हात लावू देत नाही. अशा वेळी रात्री दहा वाजता ज्याला फोन लागतो तो येतो आणि सुई टोचतो. तो पदवीधर पशुवैद्य असेलच असं नाही. बहुतेकदा नसतो. त्याच्या पिशवीतल्या बाटलीवर काय लिहिलंय ते शेतकरी वाचत नाही, आणि वाचलं तरी ते इंग्रजीत असतं. त्याला एवढंच दिसतं की दोन तासांत जनावर उभं राहिलं. ज्याच्या घरात एका गाईच्या दुधावर महिन्याचा किराणा येतो त्यानं आणखी काय पाहायचं? त्या बाटलीत काय आहे, ते मांसात किती दिवस राहतं, ते खाणाऱ्या पक्ष्याचं काय होतं, हे माहीत असलेली माणसं गोठ्यात नव्हती. ती कारखान्यात होती, औषध नियंत्रकाच्या कार्यालयात होती.

त्यांनी काय केलं, ते तारखांनिशी पाहा. २००५च्या मार्चमध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळानं जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद करण्याची शिफारस केली. सहा महिन्यांत टप्प्याटप्प्यानं बंद करू, असं सांगितलं गेलं. उत्पादन थांबवायचा आदेश निघाला २००६च्या मे महिन्यात. मग बाजारानं एक साधा रस्ता शोधला. जनावरांचं डायक्लोफिनॅक बंद, पण माणसांचं चालू. माणसाच्या इंजेक्शनचा डोस ३ मिलिलिटरचा. तरी बाजारात ३० मिलिलिटरच्या बाटल्या येत राहिल्या. दहा माणसांना एकाच बाटलीतून टोचणारे दवाखाने किती असतील? त्या बाटल्या कुणासाठी भरल्या जात होत्या हे त्या भरणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि परवाना देणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक होतं. बंदीनंतरच्या वर्षांत अकरा राज्यांतल्या अडीचशेहून अधिक औषधदुकानांची पाहणी झाली, तेव्हा ३६ टक्के दुकानांत जनावरांसाठी डायक्लोफिनॅक मिळत होतं. माणसाच्या इंजेक्शनची कुपी एकाच डोसाची असावी हा नियम यायला २०१५ उजाडलं. नऊ वर्षं! आणि तो नियम आल्यावर काही औषध कंपन्या न्यायालयात गेल्या. मद्रास उच्च न्यायालयानं २०१७ साली त्यांचं म्हणणं फेटाळलं, म्हणून नियम टिकला. ज्या कंपन्यांनी एका मोठ्या बाटलीच्या हक्कासाठी वकील उभे केले, त्यांना त्या काळात कुणी ‘पर्यावरणाचे शत्रू’ म्हटल्याचं मला आठवत नाही. ती शिवी आपण जंगलात सरपण गोळा करणाऱ्या बाईसाठी राखून ठेवलेली आहे.

पण खरा गुन्हा याच्या पुढं आहे. डायक्लोफिनॅक गेलं, त्याच्या जागी त्याच घराण्यातली दुसरी औषधं आली. केटोप्रोफेन गिधाडांना मारतं हे २०१०च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगांतून जगाला कळलं होतं. ॲसिक्लोफिनॅक तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकमध्येच बदलतं. म्हणजे बंदी घातलेलं विष नाव बदलून त्याच दुकानात, त्याच फळीवर. हे २०१६ साली प्रयोगानं सिद्ध झालं. भारत सरकारनं या दोन्हींवर बंदी घातली २०२३च्या जुलैच्या शेवटच्या दिवशी. बांगलादेशनं केटोप्रोफेन देशभर २०२१ सालीच बंद केलं होतं. ज्या देशाकडं आपण नेहमी वरच्या पायरीवरून पाहतो त्यानं हे आधी केलं, याची लाज आपल्याला वाटायला हवी.

निमेसुलाइडची कथा तर वाचताना हात थरथरावेत अशी आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना हे औषध द्यायचं नाही, असा निर्णय आपल्याच सरकारनं २०११ साली घेतला. म्हणजे त्याबद्दल शंका होती आणि ती सरकारदरबारी नोंदलेली होती. जनावरांना मात्र ते टोचलं जात राहिलं. गुजरातमध्ये मेलेल्या गिधाडांच्या शरीरात ते सापडलं, तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. बंदी आली २०२४च्या डिसेंबरअखेर.

या तारखा एकापाठोपाठ वाचल्या की सरकारी पद्धत लक्षात येते. आधी औषध बाजारात येऊ द्यायचं. मग गिधाडं मरू द्यायची. मग कुण्या शास्त्रज्ञानं उन्हातान्हात फिरून कुजलेली मढी गोळा करायची, मूत्रपिंडाचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवायचे, निबंध लिहायचा. मग समिती. मग पत्रव्यवहार. मग न्यायालयात याचिका. मग राजपत्र. तोवर पुढचं औषध बाजारात रुळलेलं असतं. सिद्ध करण्याची जबाबदारी संपत चाललेल्या पक्ष्यावर टाकलेली आहे. त्यानं मरून पुरावा द्यायचा, आणि पुरेशा संख्येनं मरून द्यायचा. ज्या जातीचे देशभरात काही हजार पक्षी उरलेत तिच्याकडून आपण हा पुरावा मागतो आहोत. सडपातळ चोचीच्या गिधाडांची संख्या तर दशकभरापूर्वीच्या गणनेनंतर हजाराच्या आसपास मांडली गेली होती.

हे उलटं करता येतं, आणि तसं लिहूनही ठेवलेलं आहे. केंद्र सरकारच्या २०२० ते २०२५च्या गिधाड संवर्धन कृती आराखड्यात स्पष्ट म्हटलं होतं, की एखादं औषध गिधाडांना घातक ठरलं की ते पशुवैद्यकीय वापरातून आपोआप बाद व्हावं. आराखडा पर्यावरण मंत्रालयाचा, औषधांचा परवाना आरोग्य मंत्रालयाचा, जनावरं पशुसंवर्धन खात्याची, दुकानाची तपासणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची. चार दारं आणि प्रत्येक दारावर दुसऱ्या दाराकडं बोट दाखवणारा माणूस. माझी मागणी याच्याही पुढची आहे. जनावराला द्यायचं कुठलंही वेदनाशामक गिधाडांना निर्धोक आहे हे कंपनीनं स्वतःच्या खर्चानं आधी दाखवावं, परवाना नंतर. चाचणी कशी करायची हे शास्त्राला ठाऊक आहे. मेलॉक्सिकॅम गिधाडांना निर्धोक आहे हे २००६ सालीच याच रीतीनं तपासून दाखवलं गेलं. टोल्फेनॅमिक आम्लाचंही तसंच. म्हणजे पर्याय नव्हता, असं कुणी म्हणू नये. बंदी आली त्याच वर्षी पर्याय हातात होता.

काही पशुवैद्य मला सांगतात की मेलॉक्सिकॅम जरा उशिरा लागू पडतं, शेतकऱ्याला तातडीनं फरक दिसायला हवा असतो. हा मुद्दा मी झटकून टाकत नाही. गोठ्यात उभं राहून हंबरणारं जनावर पाहिलेल्या माणसाला तातडीचा अर्थ कळतो. पण हाच पशुवैद्य, जनावर वाचणार नाही हे दिसत असतानाही, जाता जाता एक सुई टोचून जातो, कारण काही न टोचता निघालं तर पैसे मागता येत नाहीत. आणि नेमकं तेच जनावर दुसऱ्या दिवशी गावाबाहेर पडतं, औषध अंगात ताजं असताना. बऱ्या होणाऱ्या गाईला दिलेलं डायक्लोफिनॅक गिधाडापर्यंत पोचत नाही. काही दिवसांत ते शरीरातून निघून जातं. मरणाऱ्या गाईला दिलेलं पोचतं. शेवटची सुई हीच मारेकरी सुई आहे, आणि ती टाळणं पूर्णपणे टोचणाऱ्याच्या हातात आहे.

दुकानदाराच्याही. मी वेगवेगळ्या बाजारगावांत औषधाच्या दुकानांसमोर उभा राहून ‘गाईला ताप आहे, उठत नाही’ एवढंच म्हणून पाहिलं आहे. चिठ्ठी कुणी मागितली नाही. गाय कुणी पाहिली नाही, वजन विचारलं नाही. बाटल्या पुढं आल्या आणि कुठली ‘जास्त कडक’ आहे हेही सांगितलं गेलं. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा कायदा आहे. तो मोडला जातो हे औषध निरीक्षकाला माहीत नाही, यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही.

‘आधी माणसांचं बघा, मग पक्ष्यांचं’ हे वाक्य मला सभांमधून हमखास ऐकवलं जातं. बघूया माणसांचं. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, जिथं पूर्वी गिधाडं भरपूर होती ते जिल्हे आणि जिथं मुळातच कमी होती ते जिल्हे यांतला मृत्युदर ताडून पाहिला. त्यांचा निबंध २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आला. त्यांच्या हिशेबानं गिधाडं गेल्यामुळं २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. पाच लाख. मढी उघड्यावर कुजली, ओढ्यात-नदीत टाकली गेली, पाणी नासलं, आणि मांसावर कुत्री पोसली गेली. कुत्री वाढली, चावे वाढले, रेबीज वाढला. त्याआधीच्या एका अभ्यासानं १९९२ ते २००६ या काळात गिधाडांच्या अभावी वाढलेल्या कुत्र्यांमुळं रेबीजचे सुमारे ४८ हजार जास्तीचे बळी मोजले होते. हे बळी कोण? ज्यांची पोरं शाळेला पायी जातात ते. ज्यांच्या तालुक्याच्या रुग्णालयात रेबीजची लस संपलेली असते ते. गिधाडाचा प्रश्न हा दुर्बीण गळ्यात अडकवून फिरणाऱ्यांचा छंद आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कुत्रं चावलेल्या पोराला घेऊन एका गावातून दुसऱ्या गावी लसीसाठी धावणारा बाप पाहावा.

एक गोष्ट महाराष्ट्रात बोलली जात नाही, ती बोलायलाच हवी. मेलेलं जनावर उचलण्याचं काम आपल्या गावगाड्यानं शतकानुशतकं काही जातींवर लादलं होतं. १९२७च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना सांगितलं, मेलेली ढोरं ओढू नका, मृत मांस खाऊ नका. ते सांगणं शंभर टक्के योग्य होतं, आणि ते काम पुन्हा कुणाच्या जातीला चिकटवण्याचा प्रयत्न झाला तर त्याला विरोध करणाऱ्यांत मी पहिला असेन. पण ज्या गावानं दुसऱ्याच्या अंगावर घाण ढकलून स्वतःला स्वच्छ म्हणवून घेतलं, त्या गावानं नंतरही आपली जबाबदारी उचलली नाही. ग्रामपंचायतीकडं मेलेल्या जनावराची व्यवस्था आजही बहुतेक ठिकाणी नाही. ना जागा, ना वाहन, ना खर्चाची तरतूद. फुकट राबणाऱ्या माणसानं नकार दिला, तेव्हा सगळा भार फुकट राबणाऱ्या पक्ष्यावर गेला. तोही गेला. आता मढं पोत्यात घालून घाटाच्या कठड्यावरून खाली ढकललं जातं. २०२२ साली लंपीची साथ आली तेव्हा हे सगळं उघडं पडलं. खड्डे खणायला जेसीबी मिळेना, आणि खोल खड्डा न घेता वरवर माती ओढलेली जनावरं कुत्र्यांनी उकरली.

मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला हीच झळ लागली. मृतदेह ठेवतात त्या दोख्म्यावर यायला गिधाडं उरली नाहीत म्हणून सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. एका समाजाचा हजारो वर्षांचा अंत्यविधी एका वेदनाशामकानं मोडला आणि त्याची भरपाई कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही.

मग गिधाडांसाठी आपण करतो काय? वनखातं काम करतं, त्यातली काही माणसं जीव ओतून करतात, हे मी जवळून पाहिलं आहे. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला, फणसाडला, नाशिककडं हरसूलजवळच्या खोरीपाड्याला, गडचिरोलीत, गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायच्या जागा केल्या गेल्या. चिरगावच्या लोकांनी घरट्यांची झाडं राखली. कोकणातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जी काही टिकली ती सरकारी फलकांमुळं नाही, अशा गावांमुळं. हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं दोन दशकं एकेक अंडं सांभाळून पक्षी वाढवले. त्यांतले वीस २०२४च्या जानेवारीत महाराष्ट्रात आले, दहा पेंचला आणि दहा ताडोब्याला. पावसाळ्यात ते सोडले गेले. छायाचित्रं निघाली, मंत्र्यांची भाषणं झाली.

या प्रयत्नांना माझा विरोध नाही. पण गिधाड व्याघ्रप्रकल्पाच्या सीमेत राहत नाही. ते एका दिवसात शंभर किलोमीटर हिंडतं. ताडोब्यात सोडलेलं एक गिधाड थेट तमिळनाडूत पोचलं. म्हणून तर घरट्यांभोवती शंभर किलोमीटर त्रिज्येचा प्रदेश विषमुक्त करा, असं शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले. त्या वर्तुळात येणारी प्रत्येक दुकानाची फळी, प्रत्येक खासगी डॉक्टरची पिशवी, प्रत्येक दूध संघाचं औषधभांडार तपासायला हवं. हे काम वनरक्षकाच्या हातातलं नाही. त्याला औषधाच्या दुकानात शिरायचा अधिकारच नाही. ज्यांना अधिकार आहे ते त्या समारंभाच्या मंचावर नव्हते. वीस वर्षं जपलेला पक्षी पिंजऱ्यातून काढायचा आणि फळीवरची बाटली तशीच ठेवायची, याला मी संवर्धन म्हणणार नाही.

नाशिक जिल्ह्याचं उदाहरण तर काळजाला घरं पाडतं. इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद आहे. सीतेला वाचवताना रावणाशी लढलेला जटायू इथं पडला आणि रामानं त्याच्यावर अंत्यसंस्कार केले, अशी श्रद्धा आहे. तिथं जटायूचं मंदिर आहे, भाविक येतात, हात जोडतात. त्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरजवळ, अंजनेरीच्या कड्यांत लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. २०१७ साली अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. आणि त्याच डोंगरावर गाड्या नेण्यासाठी रस्त्याचा घाट घातला गेला, त्यानंतर ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेचा. नाशिकच्या पक्षिमित्रांना, स्थानिकांना रस्त्यावर यावं लागलं. हनुमानाचं जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या अंजनेरीवर लोकांना विनासायास पोचवायचं म्हणून जटायूच्या वंशाचं घर उडवायचं, हा विचार ज्यांना सुचतो त्यांनी रामायणाचं नाव तरी घेऊ नये. मी श्रद्धाळू घरातला आहे. माझ्या आजीला गिधाड अशुभ वाटत नव्हतं. ती त्याला रामाचा पक्षी म्हणायची. ज्या श्रद्धेनं दगडी जटायूला तेल लागतं आणि जिवंत जटायूला विष, ती तिला ओळखू आली नसती.

नेपाळकडं बघा. तिथंही डायक्लोफिनॅकवर २००६ सालीच बंदी आली. फरक असा, की तिथं गावागावांतल्या औषधविक्रेत्यांकडचा साठा बदलून मेलॉक्सिकॅम देण्यावर भर दिला गेला. नवलपरासीतल्या पिठौलीच्या गावकऱ्यांनी म्हाताऱ्या गाई सांभाळायला सुरुवात केली; गाय स्वतःच्या मरणानं मेली, तिच्या अंगात औषध नाही याची खात्री असली, की ती गिधाडांपुढं ठेवायची. त्या जागेला त्यांनी ‘जटायू रेस्टॉरंट’ म्हटलं. जिल्ह्यामागून जिल्हा ‘गिधाड सुरक्षित क्षेत्र’ करत नेला. नेपाळमध्ये पांढऱ्या पाठीची गिधाडं पुन्हा वाढू लागली. आपल्याहून गरीब देश, आपल्याहून कमी शास्त्रज्ञ, आपल्याहून दुबळी यंत्रणा. त्यांनी दुकानापासून सुरुवात केली.

फ्लुनिक्सिन अजून आपल्या बाजारात आहे. स्पेनमध्ये मेलेल्या एका गिधाडाच्या शरीरात ते सापडलेलं आहे, आणि सोबत मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या त्याच खुणा. म्हणजे पुढचं औषध कोणतं हे आजच दिसतं आहे. महाराष्ट्राला दिल्लीची वाट पाहत बसायचीही गरज नाही. पशुसंवर्धन खातं स्वतःच्या दवाखान्यांसाठी कुठलं वेदनाशामक घ्यायचं हे स्वतः ठरवतं. सगळ्या निविदांतून निर्धोक नसलेली औषधं वगळायला एक परिपत्रक पुरतं. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक रायगड, नाशिक, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत येत्या महिन्यात दुकानं तपासू शकतात. चिठ्ठीविना विकणाऱ्याचा परवाना निलंबित करायला कुठला नवा कायदा लागत नाही. ग्रामपंचायतीला मेलेल्या जनावरांच्या जागेसाठी निधी देणं हे जिल्हा परिषदेच्या हातात आहे.

आणि सगळ्यात मोठी ताकद ज्यांच्या हातात आहे ते मंत्रालयात बसत नाहीत, दूध संघात बसतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि नाशिक-नगरकडं अनेक गोठ्यांतली औषधं संघाच्या डॉक्टरच्या पिशवीतून येतात. आमच्या गावच्या दूध संस्थेच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे: संस्थेच्या पैशानं मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक आम्लाशिवाय दुसरं वेदनाशामक घ्यायचं नाही, वाचण्याची आशा नसलेल्या जनावराला शेवटची सुई टोचायची नाही, आणि कुठल्या जनावराला कधी काय टोचलं याची नोंद दुधाच्या वहीतच ठेवायची. विरोध होईल हे मला माहीत आहे. सभेला येणाऱ्या निम्म्या सभासदांनी गिधाड पाहिलेलंच नाही. त्यांच्यापुढं पाच लाखांचा आकडा ठेवीन, रेबीजचा ठेवीन, आणि मतदान हात वर करून घ्या असं सांगेन.